दिवाळीत धुतलेला फिल्टर

दिवाळीची साफसफाई आमच्याकडे आई ठरवते आणि बाकीचे पार पाडतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला पंखे, पुस्तकांचं कपाट आणि माशांची टाकी आली. पंखे आणि कपाट कसेबसे उरकले, पण टाकीत मात्र मी जीव ओतला. पाचही गोल्डफिश बादल्यांत काढून ठेवले. तळाची खडी चार-चार पाण्यांनी चोळून धुतली. फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या नळाखाली ब्रशने घासल्या आणि सगळं गच्चीवर दिवसभर उन्हात वाळत घातलं. स्पंजातून निघालेला तपकिरी चिखल पाहून स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या घाणीत मासे राहत होते! धनत्रयोदशीला बोअरचं ताजं पाणी भरून टाकी जागेवर ठेवली, तेव्हा मध्ये काच आहे की नाही हे हात लावून पाहावं लागत होतं.

पाडव्यापर्यंत पाहुण्यांची ये-जा सुरू होती. येणारं प्रत्येक लहान मूल टाकीपाशी जायचं आणि चिमूटभर खाणं टाकून यायचं. भाऊबीजेच्या सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते, कल्ले लालभडक झाले होते. मी दुकानदाराला फोन लावला. ‘‘फंगस होगा भैया, नीली दवा डाल दीजिए.’’ निळं औषध टाकलं. संध्याकाळपर्यंत दोन मासे गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा.

माझी लेक तेव्हा दुसरीत होती. अंगणातल्या कढीपत्त्याखाली खड्डा करून आम्ही मासे पुरले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘‘बाबा, पण आपण तर सगळं स्वच्छ केलं होतं ना?’’

तिला नीट उत्तर द्यायला मला पुढचे दोन महिने लागले. या वेळच्या सदरात तेच उत्तर लिहितो आहे. कारण आपल्या मंडळातल्या निदान चार-पाच घरांत टाकी आहे, हे मला ठाऊक आहे आणि दिवाळीची साफसफाई तर प्रत्येक घरात आहे.

तो चिखल काय होता?

आपण फिल्टरला चहाच्या गाळणीसारखं समजतो. कचरा अडकला, गाळणी धुतली, काम झालं. फिल्टर कचरा अडवतो हे खरं, पण ते त्याचं दुय्यम काम आहे. मुख्य काम डोळ्यांना दिसत नाही.

मासे आपल्यासारखा टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः लघवीवाटे बाहेर टाकत नाहीत. त्यांच्या शरीरातला बराचसा टाकाऊ नायट्रोजन अमोनियाच्या रूपात थेट कल्ल्यांमधून पाण्यात जातो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरघळून पातळ होतो. दोन फुटी टाकीत मात्र तो जाणार कुठे? मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात तो साचत राहतो.

तो साचू न देणारे जिवाणू फिल्टरमध्ये राहतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं आणि माशाचं रक्त तपकिरी पडतं. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं. दर आठवड्याला थोडं पाणी बदललं आणि टाकीत झाडं असली की ते आटोक्यात राहतं.

हे जिवाणू पाण्यात मोकळे फार थोडे फिरतात. ते कशाला तरी चिकटून बुळबुळीत थर करून राहतात : स्पंजाच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या नळ्यांवर, तळाच्या खडीवर. मी नळाखाली घासून काढलेल्या तपकिरी चिखलात तीच वस्ती होती. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, ब्रश आणि गच्चीवरचं ऊन यांतून त्यांच्यापैकी कोण वाचणार? टाकी स्वच्छ झाली खरी, पण तिची सगळी सफाई यंत्रणा मी एका दिवसात बडतर्फ केली होती.

हिशेब मांडून पाहिला

आमच्या धंद्यात सिस्टीम कोसळली की आधी लॉग काढून बसतात. माशांच्या टाकीला लॉग नसतो, म्हणून मी कागदावर हिशेब मांडला.

टाकीत पाणी साधारण ६० लिटर. दिवाळीच्या दिवसांत खाणं पडलं असेल रोज निदान दोन ग्रॅम. डब्यावर प्रथिनं ४० टक्के लिहिली होती. प्रथिनांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के असतो, म्हणजे दोन ग्रॅम खाण्यात साधारण १२८ मिलिग्रॅम नायट्रोजन. त्यातला अर्धा जरी अमोनिया होऊन पाण्यात आला, तरी रोज दर लिटरमागे एक मिलिग्रॅमची भर. चार दिवसांत चार मिलिग्रॅम.

आता खरी मेख. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. त्याचा बराच भाग अमोनियम या जवळजवळ निरुपद्रवी रूपात असतो आणि थोडा भाग खऱ्या विषारी रूपात. हे प्रमाण ठरतं पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ असेल तर तो पाच टक्क्यांच्या वर जातो. त्याच पाण्याचं तापमान ३३ अंशांवर गेलं की नऊ टक्के.

आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच नंतर मोजला, तो ८ निघाला. म्हणजे चार मिलिग्रॅमपैकी सुमारे ०.२ मिलिग्रॅम विषारी अमोनिया. माशांच्या कल्ल्यांना इजा ०.०५ पासूनच सुरू होते. चौथ्या दिवशी मासे चौपट विषात पोहत होते आणि मी बाहेरून म्हणत होतो, पाणी कसं आरशासारखं दिसतंय! शिवाय शेवटी टाकलेलं निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, या जिवाणूंनाही मारतं. कुठे चार-दोन उरले असतील तर त्यांचीही सोय मीच लावली.

अमोनिया रंगहीन असतो. पाण्याकडे पाहून तो कळत नाही. म्हणून टाकी असलेल्या प्रत्येक घरात अमोनिया आणि नायट्राइट मोजायची थेंबांची किट असावी. घरात ताप मोजायला थर्मामीटर असतोच ना, तसंच हे.

आईचं विरजण

तिसरा मासा पुरल्यावर मी उरलेले दोन मासे कसे वाचवायचे ते शोधत बसलो. रोज पाव भाग पाणी बदलायचं, खाणं जवळजवळ बंद करायचं, हे कळलं. पण नवे जिवाणू येणार कुठून? मी आईला हे सगळं समजावून सांगत होतो. ती भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘अरे, विरजण सगळं धुऊन टाकलंस, तर दही लागेल कसं? कोणाकडून तरी मागून आण.’’

याहून सोप्या शब्दांत हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. ज्याची टाकी वर्षभर नीट चालली आहे, अशा माणसाकडून त्याच्या फिल्टरमधल्या स्पंजाचा तुकडा आणायचा, तो ओला ठेवून तासा-दोन तासांत आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. हेच विरजण. एकच पथ्य : ज्या टाकीत आजार नाही तिथूनच आणायचं.

फरक एवढाच, की दही रातोरात लागतं. दह्याचे जिवाणू अनुकूल उबेत तास-दोन तासांत दुप्पट होतात. फिल्टरच्या जिवाणूंना दुप्पट व्हायला चांगल्या परिस्थितीतही अर्धा-एक दिवस सहज लागतो. म्हणून विरजणाशिवाय नवी टाकी लागायला चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. दोन्हींचं माप शून्यावर टिकलं की फिल्टर तयार. तोपर्यंत एक तर मासे आणूच नयेत, किंवा दोन-तीनच आणावेत. मासे नसतानाही टाकीत चिमूटभर खाणं रोज टाकलं तर ते कुजून जिवाणूंना अन्न मिळतं. ‘टाकी आणि मासे एकाच दिवशी’ हा वाढदिवसाचा बेत मात्र सोडून द्या. वाढदिवसाला टाकी आणा, मासे पुढच्या महिन्यात.

बाजारात बाटलीबंद जिवाणूही मिळतात. इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं नंतर शंभर वर्षं पुस्तकांत छापलं गेलं. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तिथे हे काम नायट्रोस्पायरा नावाचे वेगळेच जिवाणू करताना आढळले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला. शोधणारे गट दोन होते आणि त्यांतल्या एकाला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच मिळाला. सांगायचं एवढंच, की बाटलीत नेमके कोणते जिवाणू आहेत आणि मे महिन्याच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून येईपर्यंत ते जिवंत राहिले का, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. शेजाऱ्याच्या चालत्या टाकीतला मळका स्पंज फुकट मिळतो आणि तो जिवंत असल्याचा पुरावा त्याच टाकीत पोहत असतो.

मग फिल्टर कोणता घ्यावा?

वाचलेले दोन मासे लेकीने नाव घेऊन सांभाळायला सुरुवात केली, तेव्हा मी मोठी, तीन फुटी टाकी घेतली. पाणी सुमारे दीडशे लिटर. पाणी जास्त म्हणजे चूक सावरायला वेळ जास्त. (काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवणं म्हणजे चूक करायला जागाच न ठेवणं. गोल्डफिश भरपूर खातो आणि भरपूर अमोनिया सोडतो.) आता नवा फिल्टर निवडायचा होता.

आपल्याकडच्या दुकानांत साधारण पाच प्रकार दिसतात.

पहिला, खडीखालचा फिल्टर. प्लास्टिकची जाळी तळाशी, वर खडी, आणि हवेच्या पंपाने पाणी खडीतून ओढायचं. आमच्या लहानपणी बहुतेक टाक्यांत हाच असायचा. खडी हेच जिवाणूंचं घर. काम चांगलं करतो, पण जाळीखाली गाळ साचला की काढायला सगळी टाकी उपसावी लागते.

दुसरा, टाकीच्या आत चिकटवायचा मोटरचा फिल्टर. स्वस्त, छोटा. स्पंजाचा तुकडा लहान, म्हणून जिवाणूंना जागाही कमी.

तिसरा, टाकीच्या वर ठेवायची किंवा काठाला मागे टांगायची पेटी. पाणी वर चढून पेटीतल्या स्पंज-सिरॅमिकमधून खाली पडतं. पडताना हवाही मिसळते. माझा जुना फिल्टर याच जातीचा होता. त्याच्यात दोष नव्हता, दोष धुणाऱ्यात होता.

चौथा, कॅनिस्टर. टाकीखालच्या कपाटात ठेवायचा बंद डबा. भरपूर जागा, शांत, दिसायला देखणा आणि सगळ्यांत महाग.

पाचवा, स्पंज फिल्टर. स्पंजाचा लठ्ठ गोळा, मधून नळी, आणि बाहेर छोटा हवेचा पंप. हवेचे बुडबुडे वर जाताना स्पंजातून पाणी ओढतात. काही शे रुपयांत येतो. दिसायला अगदीच गबाळा.

खोक्यांवर मोठमोठे आकडे असतात. अमुक सिरॅमिक, एका लिटरमध्ये इतके चौरस मीटर पृष्ठभाग! पण ती अतिसूक्ष्म छिद्रं गाळाने बुजली किंवा आत ऑक्सिजनच पोहोचला नाही, तर तो पृष्ठभाग कागदावरच राहतो. या जिवाणूंना एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणून मी निवडताना तीनच प्रश्न विचारायचे ठरवले असते, तर बरं झालं असतं : जिवाणूंना राहायला जागा किती? त्यांना हवा कशी मिळते? आणि धुताना ते मरणार तर नाहीत ना?

मी यातलं काहीही विचारलं नाही. इंटरनेटवर चार व्हिडिओ पाहिले आणि कॅनिस्टर घेतला.

मे महिन्यातली दुपार

कॅनिस्टर सहा महिने उत्तम चालला. मग बालाघाटचा उन्हाळा आला. दुपारी वारं आलं, वीज गेली आणि पाच तासांनी आली. मोटर सुरू झाल्याबरोबर नळीतून करडं पाणी आलं आणि खोलीत सडक्या अंड्यासारखा वास पसरला.

काय झालं होतं ते हिशेबातच होतं. पाणी थंड असतं तेव्हा त्यात ऑक्सिजन जास्त मावतो. २५ अंशांना दर लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३३ अंशांना ७.२ च्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच हवा कमी, जिवाणूंची भूक जास्त आणि अमोनियाचं विष जास्त तीव्र. अशा वेळी बंद डब्यात पाणी थांबलं की आतले जिवाणू उरलेला ऑक्सिजन संपवतात. मग आपले उपयोगी जिवाणू गुदमरतात आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे दुसरेच जिवाणू गाळ कुजवू लागतात. वीज आली की तो सगळा कुजका काढा टाकीत.

या वेळी मात्र मी लगेच प्लग काढला, निम्मं पाणी बदललं आणि डब्यातलं सगळं सामान टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलवून घेतलं. दोन्ही मासे वाचले. लेक स्टुलावर बसून पाहत होती आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती, ‘‘आता मापा ना, बाबा.’’

कॅनिस्टर वाईट नाही. तो मी पुण्याच्या मावसभावाला दिला. त्याच्या सोसायटीत जनरेटर आहे, दिवाणखान्यात एसी आहे. त्याच्याकडे तो आजही झकास चालतो. पण माझ्या घरी उन्हाळ्यात वीज जाते, पाणी तापतं आणि आम्ही कूलरवर दिवस काढतो. मी फिल्टर निवडताना व्हिडिओ बनवणाऱ्याच्या घराचा विचार केला, माझ्या घराचा केला नाही.

आता टाकीत दोन मोठे स्पंज फिल्टर आहेत. ते उघड्या पाण्यात असतात, म्हणून वीज गेली तरी जिवाणूंना आजूबाजूच्या पाण्यातून थोडा तरी ऑक्सिजन मिळत राहतो. हवेचा पंप जेमतेम चार-पाच वॉटचा. तो बॅटरीवर किंवा छोट्या इन्व्हर्टरवर तासन् तास चालतो. बुडबुडे पाण्याची वरची पातळी हलती ठेवतात, त्यामुळे हवा मिसळते. आणि दोन घेतल्याचा फायदा असा, की एक धुतला तरी दुसऱ्यात वस्ती शाबूत राहते. या महिन्यात डावा, दोन महिन्यांनी उजवा. दोन्ही एकाच दिवशी कधीही नाही.

धुवायची रीत : आठवड्याला पाव टाकी पाणी काढतोच, त्याच पाण्याच्या बादलीत स्पंज चार-पाच वेळा पिळायचा, पुन्हा जागेवर लावायचा. स्पंज तपकिरीच राहिला पाहिजे. नळ, ब्रश, साबण, ऊन, चारही वर्ज्य. नगरपालिकेचं पाणी भरत असाल तर क्लोरीन जाण्यासाठी ते उघड्या बादलीत हवेचा पंप लावून एक दिवस ठेवा, किंवा दुकानात अँटिक्लोरीन मिळतं ते सांगितलेल्या मापाने टाका.

आणखी दोन गोष्टी. हवेचा पंप टाकीच्या पाण्यापेक्षा खाली ठेवला असेल, तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात आणि बोर्डात शिरू शकतं. नळीत काही रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. आणि मोटरचा कोणताही फिल्टर असो, पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. मुलांना हे आधी शिकवा, बाकी सगळं नंतर.

तलावांकडून शिकण्यासारखं

आपण ज्या भागात राहतो, तिथे पाणी राखायची विद्या जुनी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा-गोंदियाकडे गेलात तर गावागावात तलाव दिसतात. कोहळी समाजाने बांधलेले, मालगुजारांनी राखलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांतले कितीतरी तलाव पुढे गाळाने आणि बेशरमच्या झुडपांनी भरले, देशी मासे कमी झाले.

गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर, पतिराम तुमसरे आणि ढिवर समाजातल्या मंडळींनी यावर जे काम केलं, ते मला माझ्या टाकीइतकंच जवळचं वाटतं. त्यांनी बेशरम उपटली, तलावाचा तळ मोकळा केला आणि हायड्रिला, वॅलिस्नेरिया यांसारख्या पाण्याखालच्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती आल्या तसे देशी मासेही परतू लागले. पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांना कोणती वनस्पती कोणत्या माशाला हवी हे ठाऊकच होतं. त्यांनी आधी पाण्याची घडी बसवली, मासे मागून आले.

घरच्या टाकीतही झाडं जिवाणूंच्या जोडीने काम करतात. ती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेतात. मी हौसेने हायड्रिला आणून लावली, पण गोल्डफिशना ती कोशिंबीर वाटली. तीन दिवसांत फस्त. मग आईने तिच्या मनीप्लँटची फांदी दिली. मुळं पाण्यात, पानं बाहेर. मासे मुळं थोडीफार कुरतडतात, पण वेल आता खिडकीपर्यंत गेला आहे आणि नायट्रेटचं माप निम्म्यावर आलं आहे.

तलावांचा विषय निघालाच आहे तर एक विनंती. टाकी नकोशी झाली तर मासे मोती तालाबात किंवा वैनगंगेत सोडू नका, कितीही पुण्याचं काम वाटलं तरी. टाकीतून सोडलेल्या ‘सकर’ माशाने देशातल्या अनेक नद्या-तलावांत बस्तान बसवलं आहे. तिथले मासे त्याची किंमत मोजतात. दुकानात परत द्या, नाहीतर मंडळाच्या ग्रुपवर टाका, कोणीतरी नेईल.

यंदाची दिवाळी

लेक आता चौथीत आहे. तिच्याकडे एक वही आहे. दर रविवारी ती अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजून लिहिते आणि शेवटच्या रकान्यात कोणता स्पंज धुतला ते. मागच्या महिन्यात आईने साफसफाईची यादी काढली. पंखे, कपाट, माळा... ‘‘आणि टाकी,’’ आई म्हणाली.

‘‘आजी, टाकीची फक्त काच पुसायची,’’ लेकीने वहीत पाहून सांगितलं. ‘‘या महिन्यात उजवा स्पंज आहे. आणि पाहुण्यांच्या मुलांना खाणं टाकू द्यायचं नाही. मी एकदाच टाकणार.’’

तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं आहे असं मला वाटतं, पण कढीपत्त्याखालची जागा ती अजून विसरलेली नाही. तिथे पाणी घालायचं काम तिनेच घेतलं आहे.

जाता जाता : आमच्या टाकीत आता एक तिसरा छोटा स्पंज मुद्दाम चालू ठेवला आहे, विरजणासाठी. बालाघाटात कोणी नवी टाकी लावणार असेल तर डबा घेऊन या. डब्यात टाकीचंच पाणी घालून देईन, तेवढं मात्र घरी पोहोचेपर्यंत सांडू नका.